रात्री लेन्स, सकाळी चष्मा नाही: मुलांसाठी ऑर्थो-के लेन्स घेण्याआधी काय तपासावे?

तुमच्या मुलाचा चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी वाढतो आहे का? मग "रात्री झोपताना लेन्स लावा, दिवसभर चष्म्याची गरज नाही" हे वाक्य तुमच्या कानावर आले असेल. वाशी, नेरूळ, खारघर या भागांतले पालक आता हा प्रश्न घेऊन तपासणीला येतात. कुणी चष्म्याच्या दुकानात ऐकलेले असते, कुणाला परदेशातल्या नातेवाइकांनी सांगितलेले असते. बहुतेकांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. हे खरे आहे का? आणि आमच्या मुलाला चालेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: हो, खरे आहे. दुसऱ्याचे उत्तर मुलाच्या नंबराइतकेच तुमच्या घरातल्या सवयींवर अवलंबून आहे. ते कसे, ते या लेखात पाहू.

हा विषय आत्ताच का पुढे आला?

मायोपिया म्हणजे जवळचे स्पष्ट आणि लांबचे धूसर दिसणे. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मूल पुढच्या बाकावर बसायला मागते, तोच हा दोष. भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, शहरी भागातल्या 5 ते 15 वयोगटातल्या मुलांमध्ये मायोपियाचे प्रमाण 1999 मध्ये सुमारे 4.4 टक्के होते. 2019 मध्ये ते 21 टक्क्यांच्या पुढे गेले. हाच वेग राहिला तर 2050 पर्यंत ते 48 टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा अंदाज आहे.

म्हणजे ग्राहक वाढत आहेत, आणि त्यांच्यासाठी बाजारात येणारे उपायही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, रात्रभर घालायच्या आकार बदलणाऱ्या लेन्सना 2002 मध्ये पहिली मान्यता दिली. ती फक्त दिवसा चष्म्याविना दिसावे यासाठी होती. नोव्हेंबर 2019 मध्ये मुलांचा नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या, दिवसा वापरायच्या मऊ लेन्सना मान्यता मिळाली. मे 2021 मध्ये त्याच कारणासाठी रात्रीच्या लेन्सनाही ती मिळाली. सप्टेंबर 2025 मध्ये नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या खास चष्म्याच्या काचांनाही परवानगी दिली गेली.

या तारखांमधून एक गोष्ट दिसते. उद्देश बदलला आहे. पूर्वी प्रश्न "मुलाला स्पष्ट कसे दिसेल?" एवढाच होता. आता "मुलाचा डोळा किती लांब वाढेल?" हाही प्रश्न विचारला जातो. जाहिरात मात्र अजून पहिल्याच प्रश्नावर, चष्मामुक्तीवर, चालते. पालकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

ही लेन्स डोळ्यात नेमके काय करते?

डोळ्याच्या समोर कॉर्निया नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. त्याचा सर्वांत वरचा पापुद्रा सुमारे 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. ऑर्थो-के लेन्स कडक असते आणि तिच्यातून प्राणवायू जाऊ शकतो. तिचा आतला आकार असा घडवलेला असतो की झोपेत तिच्याखालचा अश्रूंचा पातळ थर कॉर्नियाच्या मध्यावर दाब देतो. त्यामुळे मधला पापुद्रा किंचित पातळ होतो आणि त्याभोवतीचा भाग किंचित जाड होतो. मध्य सपाट झाला की प्रकाश योग्य जागी, मागच्या पडद्यावर, एकवटतो. सकाळी लेन्स काढली तरी हा आकार दिवसभर टिकतो.

परिणाम पहिल्या रात्रीपासून जाणवू लागतो आणि साधारण एक ते दोन आठवड्यांत स्थिरावतो. लेन्स लावणे थांबवले की कॉर्निया काही दिवसांत ते काही आठवड्यांत मूळ आकारावर येतो आणि नंबर परत येतो. म्हणून हा लेसरसारखा कायमचा उपाय नाही. ज्या रात्री लेन्स लावली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फळा पुन्हा धूसर होऊ शकतो. जुना चष्मा फेकून देऊ नका, असे सांगतो ते यासाठी.

खरा फायदा कोणता?

मायोपियात डोळ्याचा गोळा मागच्या बाजूने लांब होत जातो. लांबी एक मिलिमीटर वाढली तर नंबर साधारण अडीच ते तीनने वाढतो. डोळा जितका लांब होतो तितका मागचा पडदा ताणला जातो. नंबर उणे 6 किंवा त्याहून जास्त झाला की मोठेपणी पडदा सुटणे, पडद्याच्या मध्यभागाची झीज आणि काचबिंदू यांचा धोका लक्षणीय वाढतो. नंबर फक्त एकने कमी राहिला तरी मध्यभागाच्या या झिजेची शक्यता सुमारे 40 टक्क्यांनी कमी होते, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात मांडले आहे. म्हणून आठव्या वर्षी वेग रोखण्याला महत्त्व आहे.

हाँगकाँगमध्ये 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या चाचणीत 6 ते 10 वर्षांच्या मुलांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले होते. दोन वर्षांत साधा चष्मा वापरणाऱ्या मुलांचे डोळे सरासरी 0.63 मिलिमीटरने लांबले, तर ऑर्थो-के वापरणाऱ्यांचे 0.36 मिलिमीटरने. म्हणजे वाढ 43 टक्के कमी.

तुम्हाला 43 हा आकडा ठळक अक्षरांत दाखवला जाईल. त्याच्या शेजारी दुसरा आकडाही ठेवा. फरक 0.27 मिलिमीटरचा आहे, म्हणजे दोन वर्षांत साधारण अर्धा ते पाऊण नंबर. हा फायदा खरा आहे आणि मोलाचा आहे. पण नंबर वाढणे "थांबत" नाही, त्याचा वेग कमी होतो. शिवाय ही सरासरी आहे. काही मुलांना जास्त फायदा होतो, काहींना जवळपास काहीच होत नाही. तुमच्या मुलाला होतो आहे का, हे कळण्यासाठी डोळ्याची लांबी मोजावी लागते. नुसता नंबर तपासून ते कळणार नाही, कारण लेन्समुळे नंबर तात्पुरता दिसेनासा झालेला असतो. ज्या ठिकाणी लांबी मोजण्याची सोय नाही, तिथे उपचार चालतो आहे की नाही हे सांगणारेच कुणी नाही.

धोका किती?

सर्वांत गंभीर धोका म्हणजे कॉर्नियाला जंतुसंसर्ग होऊन जखम होणे. रात्री पापण्या मिटलेल्या असतात, अश्रूंची ये-जा मंदावते आणि प्राणवायू कमी मिळतो. त्यात लेन्सवर जंतू असतील तर त्यांना वाढायला मोकळे रान मिळते.

अमेरिकेतल्या एका पाहणीत, जी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे 2,600 रुग्ण-वर्षांच्या वापरात असे दोन संसर्ग आढळले आणि दोन्ही मुलांमध्ये होते. त्यावरून मुलांमधले प्रमाण दर वर्षी 10,000 मध्ये सुमारे 14 येते. केवळ दोन रुग्णांवर बेतलेला हा अंदाज असल्याने खरे प्रमाण कमी किंवा जास्त असू शकते. त्या दोन्ही मुलांची नजर कायमची कमी झाली नाही, हेही सांगायला हवे.

आता हिशेब तुमच्या घरापुरता करू. तुमच्या मुलीने वयाच्या नवव्या वर्षापासून सहा वर्षे लेन्स वापरल्या, तर याच अंदाजाने सहा वर्षांतला एकूण धोका साधारण 120 मध्ये एक इतका होतो. घाबरून जाण्याइतका तो मोठा नाही. "काही होत नाही हो" म्हणून उडवून लावण्याइतका लहानही नाही. साध्या चष्म्याने हा धोका शून्य असतो.

2000 च्या सुमारास पूर्व आशियात, विशेषतः चीनमध्ये, या लेन्सचा वापर पुरेशा प्रशिक्षणाशिवाय आणि देखरेखीशिवाय झपाट्याने पसरला होता. 2005 मध्ये अशा पहिल्या 50 संसर्गांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक रुग्ण आशियातले होते आणि 9 ते 15 वयोगटातली मुले सर्वाधिक होती. त्यांतल्या अनेकांच्या डोळ्यांत अकँथमिबा नावाचा सूक्ष्मजीव सापडला. तो साध्या पाण्यात राहतो, आणि त्याचा संसर्ग बरा व्हायला महिनोन् महिने लागतात. लेन्सला आणि डबीला नळाचे पाणी लागणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

मोरबेचे पाणी पिण्यासाठी, लेन्ससाठी नाही

हा मुद्दा नवी मुंबईत वेगळा सांगावा लागतो. आपल्या महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे आणि नळाला येणाऱ्या पाण्याबद्दल इथल्या रहिवाशांना विश्वास आहे. "आमच्याकडे पाणी स्वच्छ आहे, फिल्टरही लावला आहे," असे पालक सांगतात. पिण्यासाठी ते पाणी चांगले आहे. पण पिण्याचे पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. धरणापासून सोसायटीच्या टाकीपर्यंत आणि टाकीपासून बेसिनच्या तोटीपर्यंतच्या प्रवासात अकँथमिबा असू शकतो. पोटात गेला तर तो सहसा काही करत नाही. लेन्सखाली, मिटलेल्या पापणीआड, आठ तास राहिला तर करतो.

म्हणून नियम एकच: लेन्स, डबी आणि लेन्स बसवण्याचे छोटे रबरी साधन यांना कोणतेच पाणी लागू द्यायचे नाही. उकळलेले नाही, फिल्टरचे नाही, बाटलीबंदही नाही. फक्त डॉक्टरांनी सांगितलेले द्रावण वापरायचे. हात साबणाने धुवून, स्वच्छ कोरड्या टॉवेलने पूर्ण कोरडे करून मगच लेन्सला हात लावायचा. डबीतले जुने द्रावण रोज ओतून टाकायचे, त्यात नवीन भर घालायची नाही. डबी उघडी, पालथी घालून वाळवायची आणि साधारण महिन्याने बदलायची. ती न्हाणीघरात ठेवू नका.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्या. जुलै-ऑगस्ट 2023 मध्ये महाराष्ट्रभर डोळे येण्याची मोठी साथ आली होती. घरात कुणाचे डोळे आले असतील किंवा मुलाला सर्दी-ताप असेल, तर त्या रात्री लेन्स लावू नका. दोन-चार दिवस चष्मा घातला तर काही बिघडत नाही.

कुणाला चालते, कुणाला नाही?

साधारणपणे उणे 1 ते उणे 4 पर्यंतच्या नंबराला ही लेन्स चांगली लागू पडते. एफडीएने 2002 मध्ये दिलेली मान्यता उणे 6 पर्यंत आणि 1.75 पर्यंतच्या तिरक्या नंबरासाठी होती. नंबर जास्त असेल तर दिवसाच्या शेवटी धूसरपणा आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसण्याची तक्रार वाढते.

लेन्स बनवण्याआधी कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, काढलाच पाहिजे. त्याचे एक कारण केरॅटोकोनस हा आजार आहे. यात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात 30 वर्षांवरील लोकांच्या पाहणीत, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, 2.3 टक्के लोकांत याची खूण आढळली. त्या पाहणीत केवळ कॉर्नियाच्या वक्रतेवरून निदान केले होते, त्यामुळे खरा आकडा कमी असू शकतो. तरीही आपल्याकडे हा आजार विरळा नाही, एवढे लक्षात ठेवा. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्या मुलांमध्ये तो जास्त दिसतो. अशा मुलांना आधी ॲलर्जीचा उपचार द्यावा लागतो आणि ऑर्थो-के बहुधा टाळावी लागते.

पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तपासणी घरातली आहे. रोज रात्री आणि रोज सकाळी, दहा-दहा मिनिटे, एक मोठे माणूस मुलासोबत बसू शकते का? आई-बाबा दोघेही सकाळी लोकल गाठत असतील आणि मूल आजीकडे असेल, तर लेन्सची जबाबदारी आजींना नीट शिकवली आहे का? मूल रोज आठ तास झोपते का, की क्लास आणि गृहपाठात रात्रीचे बारा वाजतात? यांतल्या एकाचेही उत्तर डळमळीत असेल, तर आत्ता ही लेन्स घेऊ नका. यात कमीपणा काही नाही. दुसरे उपाय आहेत.

दुसरे उपाय कोणते?

वेग कमी करणाऱ्या खास चष्म्याच्या काचा भारतातही मिळतात. अशा एका प्रकारच्या काचेवर हाँगकाँगमध्ये झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत नंबर वाढण्याचा वेग 52 टक्क्यांनी कमी झाला. कमी तीव्रतेचे ॲट्रोपिनचे थेंब हा दुसरा पर्याय आहे. भारतातच झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 0.01 टक्का थेंबांनी एका वर्षात हा वेग सुमारे निम्म्याने कमी झाला. वेगवेगळ्या चाचण्यांतले टक्के थेट एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. पण चष्म्याच्या काचेने संसर्ग होत नाही, ही गोष्ट कोणत्याही टक्क्यांइतकीच वजनदार आहे.

आणि एक उपाय फुकट आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेच्या वेळेत रोज 40 मिनिटे मुलांना मोकळ्यावर नेले. तीन वर्षांनी त्या शाळांत 30.4 टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला होता, तर इतर शाळांत 39.5 टक्क्यांना. सिडकोने आखलेल्या आपल्या शहरात मोकळ्या जागा मुंबईपेक्षा सहज सापडतात. नेरूळचे वंडर्स पार्क, खारघरचे सेंट्रल पार्क, नाही तर सोसायटीचे अंगण. रोज दीड-दोन तास उजेडात खेळणे हा सगळ्याच मुलांसाठी उपचार आहे, लेन्स असो वा नसो. चष्मा लागण्याआधी त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो, म्हणून धाकट्या भावंडालाही सोबत पाठवा.

दाव्यांकडे कसे पाहावे?

2024 मध्ये चाळिशीच्या चष्म्यासाठीच्या 'प्रेसव्यू' या थेंबांची खूप चर्चा झाली होती. मुंबईतल्या एन्टॉड फार्मास्युटिकल्सच्या या औषधाला परवानगी मिळाली होती. पण मंजुरीत नसलेले, वाचनाच्या चष्म्याची गरज कमी होण्याचे दावे केल्यावरून केंद्रीय औषध नियंत्रकांनी सप्टेंबर 2024 मध्ये ती स्थगित केली. ते औषध वेगळे आणि तो दोषही वेगळा. धडा मात्र इथेही लागू होतो. "मान्यता आहे" एवढे ऐकून थांबू नका. कशासाठी मान्यता आहे, हे विचारा.

लेन्ससाठी पैसे भरण्याआधी हे प्रश्न लिहून न्या:

- माझ्या मुलाच्या डोळ्याची लांबी आज किती आहे, आणि ती पुन्हा केव्हा मोजणार?
- कॉर्नियाची टोपोग्राफी केली का? तिची प्रत मिळेल का?
- पहिल्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी आहे का? त्यानंतर पहिला आठवडा, पहिला महिना आणि दर तीन-चार महिन्यांनी?
- लेन्स केव्हा बदलावी लागेल, आणि द्रावणासह वर्षाचा एकूण खर्च किती?
- रात्री किंवा रविवारी डोळा दुखला तर फोन कुणाला करायचा?
- किती वर्षे वापरायची आणि बंद कशी करायची?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. हाँगकाँगच्याच एका अभ्यासात, 14 वर्षांच्या आत लेन्स अचानक बंद केलेल्या मुलांच्या डोळ्यांची लांबी पुन्हा वेगाने वाढताना दिसली. म्हणून खर्च झेपत नाही म्हणून वर्षभरात सोडून द्यावी लागेल, अशी शंका असेल तर सुरुवातच करू नये.

हे दिसले तर थांबायचे नाही

डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे, सतत पाणी येणे, नजर अंधुक होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, यांतले काहीही झाले तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. सकाळपर्यंत वाट पाहू नका. औषधाच्या दुकानातून विचारून थेंब आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर संसर्ग आणखी भडकतो. लेन्स आणि डबी न धुता सोबत न्या, तपासणीसाठी त्या लागतात.

सकाळी लेन्स डोळ्याला चिकटलेली वाटली तर ओढू नका. सांगितलेले थेंब घाला, काही मिनिटे थांबा, पापणीने हलके दाबून ती सरकू लागली की मगच काढा.

थोडक्यात

ऑर्थो-के लेन्स काम करते. नंबर भराभर वाढणाऱ्या, समजूतदार मुलासाठी, शिस्त असलेल्या घरात आणि नियमित तपासणीच्या सोबतीने ती चांगला पर्याय आहे. केवळ चष्मा आवडत नाही म्हणून, किंवा स्नेहसंमेलनाचे फोटो छान यावेत म्हणून, रोज रात्री हा धोका पत्करणे मला योग्य वाटत नाही. तुमचे मूल चष्म्यामुळे चिडवले जात असेल, तर त्याचे दुःख खरे आहे. त्याबद्दल वर्गशिक्षकांशी बोला, मुलाला आवडेल अशी फ्रेम घ्या आणि मग शांतपणे ठरवा. डोळ्याची लांबी मोजून घेऊन दोन-तीन आठवडे विचार केला, तर काही हातचे जात नाही. घाई करून लेन्स घेतली आणि ती नीट हाताळली गेली नाही, तर मात्र जाऊ शकते.